बैलासाठी की अंड्यासाठी?

माझ्या नोकरीत मी पहिला संशय घेतला तो एका कोंबड्यावर. परभणीच्या आठवडी बाजारात अंडी विकणाऱ्या बाईपुढे मी उकिडवा बसायचो आणि दबक्या आवाजात विचारायचो, "मावशी, घरी कोंबडा आहे ना? म्हणजे, चांगला आहे ना?" बाई मला वरून खालपर्यंत न्याहाळायची. एकदा तर शेजारणीला ऐकू जाईल अशा बेताने म्हणाली, "अंडे घ्यायला आलाव का कोंबड्याची सोयरीक बघायला?"

तिचंही चुकत नव्हतं. मला खायला अंडी नको होती, पिल्लू धरणारी हवी होती. पोल्ट्रीतल्या पांढऱ्या अंड्यात पिल्लू नसतंच, म्हणून गावरान अंडी आणि त्यामागे कोंबड्याची खात्री. ही अंडी आमच्या प्रयोगशाळेत जायची, आणि तिथे त्या प्रत्येक अंड्याला मी एक खिडकी पाडायचो.

मी जनावरांच्या रोगांच्या एका छोट्या प्रयोगशाळेत तंत्रज्ञ होतो. तंत्रज्ञ हा शब्द ऐकायला भारी वाटतो. काचा धुणं, मांसाचे तुकडे मेणात बसवून त्यांचे पापुद्रे कापणं, ते रंगवून काचेच्या पट्टीवर चढवणं आणि साहेब सूक्ष्मदर्शकाला डोळा लावतील तेव्हा मागे उभं राहणं, असा तो एकूण मामला. माझे बाबा या नोकरीवर फारसे खूश नव्हते. आमच्या वस्तीने गावची मेलेली ढोरं ओढायचं काम सोडून दिलं त्या वेळी सोडणाऱ्यांत बाबा पुढे होते, आणि त्यापायी त्यांनी मारही खाल्ला होता. त्यांनी मला शाळेत घातलं ते एका वाक्यावर: "मेल्या ढोराला हात लावायचा न्हाई." मी विज्ञान शिकलो, पँट-शर्ट घालून सरकारी नोकरीला लागलो, आणि पहिल्याच दिवशी माझ्यापुढे आलं काय, तर बैलाचं शिंग. बाबांना मी कित्येक महिने सांगितलं की मी कागदाचं काम करतो. त्यांनी विश्वास ठेवला असेल असं मला वाटत नाही.

ते शिंग कशासाठी, ते सांगतो. आपल्याकडच्या बैलांना शिंगाचा कॅन्सर होतो. वरून शिंग लाकडासारखं दिसत असलं तरी ते आतून पोकळ असतं, आणि त्या पोकळीला ओलं अस्तर असतं. गाठ त्या अस्तरात उगवते. सुरुवातीला कोणाच्या लक्षात येत नाही. बैल नुसती मान झटकतो, डोकं एका बाजूला धरतो. मग त्या बाजूच्या नाकपुडीतून घाण गळायला लागते, शिंग डुगडुगतं, कलतं, आणि शेवटी गळून पडतं. शेतकरी बैल घेऊन दवाखान्यात येतो तो या शेवटच्या पायरीवर.

आमचे सर जनावरांचे डॉक्टर होते, कॉलेजात शिकवायचेही, बीडकडचे, किडकिडीत, आणि बोलताना समोरच्याकडे न बघता खिडकीबाहेर बघणारे. त्यांनी परदेशी मासिकात एक गोष्ट वाचली होती आणि ती त्यांच्या डोक्यात घर करून बसली होती. कॅन्सरची गाठ सुरुवातीला अगदी बारकी असते, आणि जोवर तिला स्वतःचं रक्त मिळत नाही तोवर बारकीच राहते. मग कधीतरी ती आजूबाजूच्या शरीराला फितवते. जवळच्या रक्तवाहिन्यांना तिच्याकडे नव्या फांद्या फुटतात, त्या गाठीत शिरतात, आणि मग तिला रोखणारं कोणी उरत नाही. सरांना बघायचं होतं की आपल्या बैलाच्या शिंगातली गाठ हेच करते का, आणि करत असेल तर कधीपासून.

अंडं त्यासाठी. अंड्यात पिल्लू वाढत असतं तेव्हा कवचाच्या आत एक पातळ पडदा असतो, त्यावर रक्तवाहिन्यांची जाळी पसरलेली असते. मी कवचाला छोटी चौकोनी खिडकी पाडायचो, त्या पडद्यावर गाठीचा बाजरीच्या दाण्याएवढा तुकडा ठेवायचो, वर चिकटपट्टी लावायचो आणि अंडं पुन्हा उबेच्या पेटीत ठेवायचो. काही दिवसांनी उघडून बघायचं. गाठ फितवणारी असेल तर आजूबाजूच्या वाहिन्या तुकड्याकडे वळलेल्या दिसतात, गाडीच्या चाकाचे आरे तुंब्याकडे येतात तशा. शेजारच्या अंड्यात निरोगी शिंगाच्या अस्तराचा तुकडा. तिथे काही होता कामा नये.

वीज गेली की पेटी थंड पडायची, आणि परभणीत वीज जायला कारण लागत नसे. म्हणून आम्ही प्रयोगशाळेत एक खुडूक कोंबडी पाळली होती. खिडकी न पाडलेली अंडी तिच्या पोटाखाली सरकवायची. तपासणीला आलेले एक बडे साहेब तिच्याकडे बोट दाखवून म्हणाले, "हे काय?" सर खिडकीबाहेर बघत म्हणाले, "राखीव यंत्रणा."

एवढं सगळं करून पहिल्या वर्षी आमची फजिती झाली. सगळ्याच अंड्यांत आरे दिसायला लागले. गाठीच्या तुकड्याभोवती, निरोगी तुकड्याभोवती, आणि एका अंड्यात तर मी काहीच ठेवलं नव्हतं तिथेही. सरांनी माझ्यावर संशय घेतला. तोंडाने बोलले नाहीत, पण अंड्यांवरच्या खुणा स्वतः घालायला लागले आणि पेटीची किल्ली स्वतःच्या खिशात ठेवायला लागले. मला ते फार लागलं. ती विद्यापीठाच्या नामांतराची वर्षं होती. गावात पाणी मागितलं की आधी आडनाव विचारायचे, आणि आडनाव सांगितलं की समोरच्याचा आवाज बदलायचा. सरांचा आवाज कधी बदलला नव्हता, म्हणून किल्ली खिशात गेली तेव्हा मला वाटलं, आले, हेही आले त्याच वाटेवर. उगाच वाटलं. दोष ना माझा होता ना गाठीचा. करवतीच्या पात्याने कवच कापताना जो भुगा पडतो, तो पडद्यावर सांडत होता. पडद्याला भुगाही टोचतो आणि तो तिथेही वाहिन्या धाडतो. हे सरांनीच शोधून काढलं. मग मी कवचावर मेण चोपडून, तोंडाने हलकी फुंकर मारत, कानशीने घासत खिडकी पाडायला शिकलो. किल्ली पुन्हा माझ्याकडे आली. माफी वगैरे काही झालं नाही. सर नुसते म्हणाले, "आता तुमच्यावर नाही, डोळ्यांवर संशय घ्यायचा. तुमच्या आणि माझ्या."

याच सुमारास आमच्या गल्लीत भानामती झाली. झालं असं की वापरलेली अंडी मी प्रयोगशाळेमागे पुरायचो. कुत्र्यांनी एक उकरलं आणि नेऊन टाकलं ते नेमकं मी जिथे भाड्याने राहायचो त्या गल्लीत, एका घराच्या उंबऱ्यासमोर. चौकोनी खिडकीचं अंडं, आत काळा तुकडा, रक्ताचे धागे, वर चिकटपट्टी. आता तुम्हीच सांगा, तुमच्या उंबऱ्यावर असं काही सापडलं तर तुम्ही काय समजाल? सकाळी नळावर बायका जमल्या. कोणाची म्हैस आटली होती, कोणाच्या सुनेला दिवस राहत नव्हते, सगळ्याचा उलगडा त्या अंड्यात झाला. माझी मालकीण दाराआडून म्हणाली, "खोली खाली करा. तुमचं काय चालू हाय ते आमाला नका सांगू." मी सरांना बोलावून आणलं. त्यांनी गल्लीला समजावून सांगितलं की घाबरू नका, ही करणी नाही, हा कॅन्सर आहे. त्यानंतर मी लगेच खोली बदलली. अंडी त्या दिवसापासून जाळायला लागलो.

एवढ्या उपद्व्यापातून एक गोष्ट मात्र हाती लागत नव्हती. आमच्याकडे येणाऱ्या गाठी पिकून फुटलेल्या असायच्या. त्या अंड्यात आरे आणायच्या यात आता शंका नव्हती. पण कोवळी गाठ, नुकती उगवलेली, ती आणते का? ती कुठून मिळणार? कोवळ्या गाठीचा बैल चांगला चालतो, नांगर ओढतो, त्याचं शिंग कोण कापू देईल?

श्रावण लागला होता. पाथरीकडच्या एका गावात जनावरांचं शिबिर होतं. सर आणि मी एसटीने गेलो. सर सुया टोचत होते, मी बैलांची शिंगं बघत होतो. मला ती सवयच लागली होती. पालथा हात शिंगाच्या बुडाशी ठेवायचा, एका बाजूला, मग दुसऱ्या बाजूला. एक बाजू ऊन लागली तर समजायचं, तिथे रक्त जास्त यायला लागलं. मग बोटाच्या पेराने वाजवायचं. पोकळ वाजलं तर ठीक.

एक लाल कंधारी बैल होता, नाव शंभू. उंच, तुकतुकीत, शिंगं तर अशी की बघत राहावं. मालक अप्पा, लिंगायत शेतकरी, साठीचे, कपाळावर भस्म, बोलणं कमी. पोळ्याच्या मिरवणुकीत गावात पहिला मान त्यांच्या घरच्या बैलाचा, आणि त्या वर्षी तो शंभूचा होता. मी शंभूच्या डाव्या शिंगाच्या बुडाशी हात ठेवला आणि तसाच राहिलो. ऊन होतं. उजवं गार. पुन्हा पाहिलं. बैलाने मान झटकली. वाजवून पाहिलं तर डावं जरा बसकं वाजलं, की मला तसं वाटलं.

मी सरांना खूण केली. सरांनी हात लावला, वाजवलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी खिडकीबाहेर बघावं तसं कुठेतरी न बघता सरळ माझ्याकडे बघितलं. त्यांच्या डोळ्यात चमक होती. ती बघून मला बरं वाटलं नाही, कारण माझ्याही डोळ्यात तीच असणार.

सरांनी अप्पांना सांगितलं. शंका आहे. शिंग बुडापासून काढलं तर बैल वाचेल. थांबलात तर शिंगही जाईल आणि बैलही.

अप्पा म्हणाले, "नाकातून काही गळना, खायाला कमी न्हाई, कामाला कमी न्हाई. शकावर शिंग कापता का तुमी?"

"डावी बाजू ऊन आहे, अप्पा," मी म्हणालो.

"तुमी कोण?"

मी नाव सांगितलं. ते थांबले. आडनावही सांगितलं. त्यांनी मान हलवली, आवाज बदलला की नाही ते मला नक्की कळलं नाही, पण मी कान देऊन ऐकलं हे खरं. मग ते म्हणाले, "पिछल्या साली पाथरीच्या बाजारात ऐकलं होतं मी. परभणीवाले शिंगाचं मांस अंड्यात घालतेत म्हणून. खरं हाय का?"

"हो," सर म्हणाले.

"मंग एक सांगा. शंभूचं शिंग बैलासाठी कापायलाव का तुमच्या अंड्यासाठी?"

हा प्रश्न मी गेल्या पाच मिनिटांत सरांच्या तोंडाकडे बघून मनात विचारला होता, आणि लगोलग स्वतःलाही. बैल वाचावा हे खरंच वाटत होतं. कोवळी गाठ मिळावी हेही तितकंच खरं वाटत होतं. दोन्हीतलं कोणतं आधी वाटलं, ते आज विचारलंत तरी मी सांगू शकणार नाही. शेवटी सर म्हणाले, "दोन्हीसाठी. तुम्हाला नको असेल तर अंड्यात घालणार नाही. पण शिंग काढा."

अप्पा शंभूला घेऊन गेले. दावं सोडताना मागे उभ्या असलेल्या त्यांच्या बायकोने, गिरजाबाईंनी, बैलाच्या डाव्या कानामागे हात फिरवला आणि आमच्याकडे असं बघितलं की मला वाटलं, ही काहीतरी बोलणार. पण बोलली नाही.

परतताना एसटीत मी सरांना म्हणालो, "गेलं हातातून." बैल म्हणायचं होतं की गाठ, सरांनी विचारलं नाही.

तीन-चार दिवसांनी दोघं नवरा-बायको परभणीला आली. गळ्यात लिंग असलेला माणूस, श्रावणातला सोमवार, आणि समोर अंड्यांची पेटी. अप्पा प्रयोगशाळेच्या पायरीच्या आत आले नाहीत. बाहेर लिंबाच्या झाडाखाली पाठ करून बसले. गिरजाबाई मात्र पदर खोचून थेट आत आल्या.

"दाखवा. काय करता ते बघू द्या."

सरांनी मला खूण केली. जुन्या, पिकलेल्या गाठीचं एक अंडं तयार होतं. मी पट्टी काढली, दिवा जवळ घेतला आणि भिंग त्यांच्या हाती दिलं. त्यांनी नाकाला पदर लावला आणि वाकून बघितलं. बराच वेळ बघितलं. मग शेजारचं, निरोगी तुकड्याचं अंडंही बघितलं, न सांगता.

"हे मधलं काळं, ही गाठ का?"

"हो, मावशी."

"आन् हे लाल समदे तिच्याकडं चाललेत?"

"हो."

"म्हणजे पाट फोडून घेतल्यावानी झालं," त्या म्हणाल्या. "आपल्या वावराचं पाणी, आन् हिनं मधीच बांध फोडून आपल्याकडं वळवून घेतलं." कॅनॉलचं पाणी त्यांच्या शिवारात नुकतंच आलं होतं, आणि त्यावरून होणारी भांडणंही. सर त्या दिवसापासून वर्गात पोरांना असंच शिकवायला लागले.

"शंभूच्या शिंगात हेच चालू हाय?"

मला हो म्हणायचं होतं. सर म्हणाले, "माहीत नाही. काढल्याशिवाय कळणार नाही."

गिरजाबाईंनी भिंग ठेवलं, बाहेर गेल्या आणि अप्पांच्या पाठीला म्हणाल्या, "काढू द्या."

"आन् पोळा?"

"बैल ऱ्हायला तर पोळा. न्हाई तर तुमीच बसा तोरणाखाली झूल घालून."

अप्पा उठले. दारापाशी आले, पण आत बघितलं नाही. "अंड्यात घालणार ते मला पसंत न्हाई. सरावणात तर बिलकुल न्हाई. पण हिनं म्हणलं हाय. माझी एकच गोष्ट. त्या अंड्यात जे निघंल ते पोळ्याच्या दिवशी गावात येऊन सांगायचं. तोरणापाशी, चार माणसांत. खरं सांगायचं. न्हाई तर लोक म्हणतील अप्पाला फसवून सरकारनं शिंग नेलं."

दुसऱ्याच दिवशी सरांनी त्यांच्या गोठ्यात जाऊन शिंग काढलं. बुडाशी सुई देऊन जागा बधिर केली आणि तारेच्या करवतीने कापलं. मी शंभूचं डोकं धरून होतो. अप्पा घरात जाऊन बसले होते. शिंग निघालं तेव्हा आतल्या अस्तरावर एक मऊ, पांढुरकी पुटकुळी दिसली, हरभऱ्याच्या डाळीएवढी. बस, एवढीच. सर पुटपुटले, "ही गाठ आहे की नुसती सूज आहे?"

तुकडे मी त्याच संध्याकाळी अंड्यांत घातले. खिडक्या इतक्या जपून पाडल्या की कवचाचा कण आत गेला नसेल. उरलेला भाग मेणात बसवला.

पट्टी काढायचा दिवस आला. पहिलं अंडं उघडलं. काही नाही. वाहिन्या आपल्या वाटेने चाललेल्या, तुकड्याकडे कोणी ढुंकूनही बघत नव्हतं. दुसरं, तसंच. सगळीच तशी. मी सरांकडे बघितलं. ते म्हणाले, "काचेच्या पट्ट्या बघू."

सूक्ष्मदर्शकापाशी मी नेहमीसारखा मागे उभा राहिलो. गावच्या मानाच्या बैलाचं शिंग आम्ही एका सुजेसाठी कापलं असेल तर त्या गावात मला पोळ्याला जाऊन ते सांगायचं होतं, माझ्या आडनावासकट. सरांनी खूप वेळ लावला. मग उठून मला जागा दिली. "बघा."

कॅन्सरच होता. पेशी ओबडधोबड, एकमेकींवर चढलेल्या, अस्तराची सीमा मोडून आत घुसायला निघालेल्या. पण त्यांच्यात रक्तवाहिनी म्हणाल तर एकही नाही.

"गाठ खरी आहे," सर म्हणाले. "पाट अजून फोडला नव्हता. आपण त्याच्या आधी पोचलो." आम्ही इतकी वर्षं जे शोधत होतो ते हेच होतं. पण लगेच ते खिडकीकडे वळले. "मग शिंग ऊन का होतं? रक्तच आलं नव्हतं तर ऊब कुठून आली?"

उत्तर नसताना सर आनंद करणारे नव्हते. पुढचे कित्येक दिवस त्यांनी ती काचेची पट्टी पुन्हा पुन्हा काढून बघितली. मीही रात्री झोपेत पालथा हात उशीवर ठेवून तपासत असे, असं बायको सांगते.

पोळ्याला मी एकटाच गेलो. सरांना ताप होता. खरंच ताप होता का, हा संशयही मी घेऊन ठेवला होता. वेशीत आंब्याच्या पानांचं तोरण बांधलेलं. सजवलेले बैल रांगेत, झुली, घुंगरं, हिंगूळ लावलेली शिंगं. मी कडेला उभा राहिलो. अशा ठिकाणी कुठे उभं राहायचं ते मला लहानपणापासून कोणी शिकवायची गरज पडली नाही. त्या वर्षांत तर दुप्पट जपून. लोक बघत होतेच. "शिंगवाला आला," कोणीतरी म्हणालं.

अप्पांनी शंभूला आणलं. उजव्या शिंगाला रंग आणि टोकाला पितळी शेंबी, ते चकचकीत टोपण असतं ना, ते. डाव्या बाजूला पांढरी पट्टी. रांगेत सगळ्यात पुढे आणून उभा केला. मागून एक जण म्हणाला, "अप्पा, एकशिंग्या मानाला चालतो का?" अप्पांनी त्याच्याकडे लक्ष दिलं नाही. मला हाक मारली.

"सांगा. अंड्यात काय निघालं?"

"काहीच नाही," मी म्हणालो.

एकदम गलका झाला. मंग खामखा कापलं! म्हणलं न्हवतं? हे शिंग विकतेत, औषधाला जातं! एक म्हातारा माझ्याकडे बोट नाचवत माझ्या जातीचं काहीतरी बोलला, ते मी इथे लिहीत नाही. तरी बोललो. गाठ होती, कॅन्सरचीच होती, आम्ही डोळ्याने बघितली. पण कोवळी होती. तिने अजून पाट फोडला नव्हता, म्हणून अंड्यात काही आलं नाही. फोडला असता तर बैल गेला असता. आणि शिंग ऊन का लागलं होतं ते आम्हाला अजून कळलेलं नाही.

"कळलंच न्हाई तर कापलं कशाला?" मागचा म्हणाला.

अप्पा माझ्याकडे बघत होते. मग गर्दीकडे वळले आणि सावकाश म्हणाले, "ह्याला खोटंच बोलायचं असतं तर आलं म्हणला असता. तुमच्यातल्या कुणाच्या बापानं अंड्यात बघितलं असतं?" आणि त्यांनी शंभूचं दावं ओढलं. शंभू तोरणाखालून पहिला गेला. कोणी हसलं, कोणी नाही.

नंतर त्यांनी मला घरी नेलं. ओसरीवर बसलो. चहा आला, स्टीलच्या पेल्यात. अप्पांचा पेला कसला आहे ते बघायला मी मान वळवली, पण त्यांचा कडक उपास होता, ते चहा घेत नव्हते. म्हणजे तेही कळायचं राहिलंच.

गिरजाबाई आतून आल्या आणि उंबऱ्यातच थांबल्या. अप्पा बैलांना नैवेद्य दाखवायला गोठ्याकडे गेले तसं त्या हळूच म्हणाल्या, "त्या शिंगाच्या ऊबीचं म्हणलाव ना मगाशी."

"हो."

"म्या शेकत होते."

मला कळेना. त्या सांगत होत्या. आषाढापासून शंभू धुताना डाव्या शिंगाला हात लावू देत नव्हता. मान झटकायचा. त्यांना शंका आली. पण मानाचा बैल, मालकाला सांगितलं तर आकाश कोसळायचं. म्हणून रोज सकाळी अप्पा पूजेला बसले की त्या तव्यावर मीठ तापवून, फडक्यात बांधून, त्या बुडाला शेक द्यायच्या. शिबिराच्या दिवशीही दिला होता, निघायच्या जरा आधी. "तुमी हात लावलाव तवा वाटलं, आता सांगावं. मंग वाटलं, हे सांगितलं तर तुमी म्हणाल शेकानं ऊन झालं, आन् बैल सोडून द्याल. म्हणून गप ऱ्हायले."

मी हसलो. मग हसता हसता डोळ्यात पाणी आलं. ज्या उबेवर मी एवढा ताठ होतो ती तव्यावरची होती. माझा संशय खरा निघाला आणि त्याचं कारण सपशेल खोटं. त्या बोलल्या असत्या तर आम्ही बैल सोडला असता, यात मला आजही शंका नाही.

निघताना त्यांनी माझ्या हातात फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी ठेवलं. डाव्या शिंगाची शेंबी. "जोडीतली हाय. आता आमाला कशाला? ज्याच्याकडं शिंग गेलं त्यानंच ठेवावी."

सरांना मी सगळं सांगितलं. ते इतके हसले की ताप खरा होता की नव्हता ते विसरून गेले. मग त्यांनी लिहून ठेवलेल्या लेखातलं 'कोवळ्या गाठीतही शिंगाला ऊब जाणवते' हे आवडतं वाक्य खोडून टाकलं. तो लेख कुठे छापून आला नाही. एकच बैल, एकच गाठ, त्यावर कोण विश्वास ठेवतो? वर्षभरात सरांची बदली झाली, पेटी गंजली, कोंबडी म्हातारी झाली. याची खंत मला आहे. शंभू मात्र पुढे कितीतरी वर्षं मानवत गावच्या मोंढा बाजारात कापसाची गाडी घेऊन यायचा. एकशिंग्या म्हणून लांबून ओळखू यायचा.

त्या पोळ्याच्या संध्याकाळी मी परभणीला परतलो तेव्हा बाबा गावाहून आलेले होते. मी शेंबी टेबलावर ठेवली. त्यांनी ती उचलली, उलटीपालटी केली, आत बोट घालून बघितलं. त्यांना कळलं ती कशाची ते. कळणारच.

"ढोराच्या शिंगाची हाय."

"हो."

मग माझ्याकडे न बघता त्यांनी विचारलं, "मेल्या ढोराच्या?"

"नाही, बाबा. आज तोरणाखालून गेलं. पहिलं."

बाबांनी शेंबी धोतराच्या सोग्याने पुसली आणि खिडकीत, लोकांना बाहेरून दिसेल अशी ठेवली.